हेल्प युवरसेल्फ आणि दाजींचं ताट

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. माझ्या ओळी वर चढतात आणि मधेच खाली उतरतात. शाळा चौथीपर्यंतच झाली. पाचवीचा वर्ग माहेरच्या गावात नव्हता, आणि ओढा ओलांडून पोरीला शाळेत धाडावं हे कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. त्यानंतर लिहिलं ते किराण्याच्या चिठ्ठ्या आणि सह्या, एवढंच. पण आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. कुणाला सांगावं म्हटलं तर चार माणसांत माझा आवाज निघत नाही, ही जन्माची खोड. म्हणून लिहिते. चुका दिसल्या तर तशाच ओलांडून पुढं जावं.

आमचं गाव मानवतच्या जवळचं. आमचे हे कापसाच्या हंगामात मानवतला जिनिंगवर काट्याजवळ असतात, बाकी वर्ष शेतात. मुलगा मानवत-पाथरी रस्त्यावर जीप चालवतो. आणि सून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पालमची. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, एवढी शिकलेली पोरगी, हिच्याशी मी बोलायचं काय? पण तीच बोलायची. चुलीपाशी बसून, भाजी निवडताना, दळण आणताना, सारखं बोलायची. ऐकून ऐकून मीही थोडी बोलायला लागले.

एक दिवस दारात उभी राहून ती एसटीला जाणारी पोरं बघत होती. पाचवी-सहावी-सातवीची पोरं इंग्रजीच्या क्लासला मानवतला जायची, अंधार पडता पडता परत यायची.

"मामी," ती म्हणाली, आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात, "मी आपल्या ओसरीत क्लास घेतला तर?"

मी म्हटलं, "मामांना इचार."

मामांना, म्हणजे आमच्या यांना, विचारलं. ते म्हणाले, "सून मास्तरीन, आन मी काय घंटा वाजवायला शिपाई का?" नको असं म्हणाले नाहीत. पण फळा, पंखा, चटया, ओसरीवर नवे पत्रे, यातल्या कशालाही एक रुपया देणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगितलं. मुलाची जीप हप्त्यावर होती, त्याच्याकडं काही उरत नव्हतं.

आमच्या गल्लीत बायकांचा बचत गट आहे. मी सुरुवातीपासून त्यात आहे, पण कधी कर्ज उचललं नव्हतं. गटाची एक रीत आहे, कुठं लिहिलेली नाही पण सगळ्या पाळतात. कर्ज बाईच्या नावावर असतं आणि त्याचं कारण घरून पाठवलेलं असतं. बाई उठते, मालकानं सांगितलेलं कारण सांगते, खत, बियाणं, मोटार, पोराचं लग्न, आणि खाली बसते. फेडायचं कसं हे तिला कुणी विचारत नाही, कारण पैसे तिनं बघितलेलेच नसतात.

त्या महिन्याच्या बैठकीत मी उठले. म्हटलं, "मला पायजेत. सुनंच्या कलाससाठी."

अध्यक्षबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "मालकानं सांगितलं का?"

"न्हाई. मीच सांगायले."

मागून एकजण म्हणाली, "सुनंसाठी सासू करज काढती. कलियुग उलटं फिरायलंय बाई." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "हसू नगा. फेडनार कोन ते इचारा. हिनं न्हाई फेडलं की पुढचं करज आपल्यालाच मिळत न्हाई."

ते खरं होतं. एकीचं थकलं की बँक सगळ्यांचं अडवते. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"मी फेडीन," मी म्हटलं. "मी सोता." आणि मटकन खाली बसले. पण आत एवढा आनंद होता की वाटेत दुकानातून कारण नसताना मी लवंगा घेऊन आले.

क्लास सुरू झाला. पोरं यायला लागली, मानवतचा बसपास सोडून यायला लागली. मी आत चुलीपाशी असायची, दाराच्या आड. ओसरी आणि चूल यांच्यात एक पडदा होता, जुन्या साडीचा. लसूण सोलता सोलता मला सगळं ऐकू यायचं. आधी नुसता गलका वाटायचा. मग शब्द वेगळे ऐकू यायला लागले.

आणि मग तो दिवस आला. माझ्या आयुष्यात एवढी मजा मला फार थोड्या वेळा आली आहे.

सून म्हणाली, "मी कपडे धुते. धुणारी कोण?"

"तुमी, म्याडम."

"धुतलं काय?"

"कपडे."

"म्हणजे काम करणारी वेगळी, काम ज्याच्यावर झालं ते वेगळं. आता प्रत्येकानं शेजारच्याला चिमटा काढा. हळू."

एकदम ओरडा झाला. एक पोरगा म्हणाला, "म्याडम, ह्यानं दोनदा काढला."

"आता स्वतःला काढा."

हळूहळू हसू पसरलं. मी पडद्याआड लसणाचे हात तसेच ठेवून दंडाला चिमटा काढला.

"चिमटा काढणारा कोण? मी. लागला कुणाला? मलाच. दोन्ही माणसं एकच असली की इंग्रजीत मायसेल्फ म्हणायचं. आय पिंच्ड मायसेल्फ."

मग तिनं सगळे सांगितले. तू असशील तर युवरसेल्फ. तो असेल तर हिमसेल्फ. ती असेल तर हरसेल्फ. आपण सगळे, अवरसेल्व्ज. ते सगळे, देमसेल्व्ज. आणि जनावर, वस्तू असेल तर इटसेल्फ. दार आपलं आपण लागलं, तर दाराचंही इटसेल्फ.

मी लसूण खाली ठेवला. आपल्या बोलण्यात स्वतः हा एकच शब्द. मी स्वतः, तू स्वतः, तो स्वतः, सगळ्यांना तोच. घरात एकच पंचा असतो आणि सगळे त्यालाच तोंड पुसतात, तसा. आणि त्यांच्यात बघा, ज्याला त्याला वेगळा पंचा. बाप्याला वेगळा, बाईला वेगळा, आणि शेळीलाही एक, दारालाही एक. बाईला तिचा तिचा असा एक धुतलेला, घडी घातलेला पंचा मिळतो, हे मला एवढं आवडलं की मला कुणाला तरी जाऊन सांगावंसं वाटलं. सांगायला कुणी नव्हतं. मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता म्हणत राहिले. मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ.

त्यानंतर मला नादच लागला. शेळीनं दोर सोडवला की मी म्हणायची, इटसेल्फ. शेजारीण एकटीच बडबडत विहिरीकडं गेली की मनात म्हणायची, हरसेल्फ. आमचे हे अंगणात आरसा खुंटीला लावून दाढी करत होते, तेव्हा मी ओठात हिमसेल्फ म्हणाले आणि यांनी ऐकलं.

"काय म्हनलीस?"

"काय न्हाई."

"इंग्रजीत शिव्या द्यायलीस का मला?"

"अवो, तुमाला न्हाई." मी घागर उचलून पाणी आणायला गेले.

सुनेच्या लक्षात आलं. एकदा मी चुलीपुढं बोलत होते तर ती पडद्यातून डोकावून म्हणाली, "मामी, अवरसेल्व्ज राहिला." मी एवढी लाजले की भाकरी करपली. पण त्या दिवसापासून ती रोज दुपारी मला एक-दोन गोष्टी सांगायला लागली. पाटीवर नाही, तोंडीच. मी तो इंग्रजी शब्द मनात मराठी अक्षरांत धरून ठेवायची, तोंडात घोळवायची. त्या दुपारी मला लहान झाल्यासारखं वाटायचं. जेवणाची भांडी कधी घासली हेही कळायचं नाही.

फीच्या पैशातून गटाचा हप्ता दर महिन्याला जात होता. मी बैठकीत पैसे ठेवायची आणि कुणाकडं न बघता सही करायची.

मग सुनेला दिवस गेले. दिवाळीनंतर सातवा लागला, ओटी भरली आणि पालमहून तिचे वडील न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आमच्याकडची रीत. तिला ठेवून घ्यावं असं मी एका शब्दानंही म्हणू शकत नव्हते. म्हटलं असतं तर पालमच्या माणसांना वाटलं असतं, आमच्यावर यांचा भरवसा नाही. व्याह्यांनी चहा घेतला, पिशवी उचलली. सुनेचं सगळं लक्ष ओसरीतल्या फळ्याकडं.

"मामी, वार्षिक परीक्षेपर्यंत मी इथं नसेन. पोरं पांगतील."

"तू जा. नीट ऱ्हा."

"आणि हप्ता?"

"तू जा म्हनलं ना."

ती गेली. संध्याकाळी पोरांच्या आया आल्या, दोन-तीन. दारातच उभ्या. एक म्हणाली, "मग आता कलास बंदच की. या महिन्याचे पैसे आमी देतो, पुढचं मानवतला घालतो."

त्यांनी पोरं नेली की फी गेली, फी गेली की हप्ता गेला, आणि मी फेडीन म्हटलेलं तोंड गटात दाखवायची सोय राहणार नव्हती. मी पदर घट्ट धरला. म्हटलं, "बंद न्हाई. मी बसती."

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एक हसून म्हणाली, "तुमी काय शिकविनार, भाकरी?"

"पोरं अभ्यास करतील. मी बसती. फी निम्मी द्या." निम्मी ऐकून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून सुनेचा चेहरा पोरांपुढं धरला. आवाज तुटायचा, चेहरा थांबायचा, पोरं हसायची. दोन दिवसांत ते सोडलं. मग ठरलं की ती सकाळी मला बोलून पाठवेल, मी ते चार वेळा ऐकेन आणि संध्याकाळी पोरांना सांगेन. पण सांगायचं कसं? पोरांपुढं उभं राहिलं की माझ्या तोंडाला कुलूप.

तेव्हा मला खुरपण आठवलं. आम्ही बायका खुरपायला बसतो तेव्हा प्रत्येकीची एक ओळ असते, तिला आम्ही पात म्हणतो. जिचा हात चपळ ती आधी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पोचते. पण ती तिथं बसून राहत नाही. ती उलटी फिरते आणि जी मागं राहिली तिच्या पातीत समोरून घुसते. सगळ्या धुऱ्याला आल्याशिवाय पुढची पात धरायची नाही. कुणी सांगत नाही, हे असंच असतं.

मी पोरांना म्हटलं, "आज एक पात. ज्याला आलं त्यानं मागं फिरायचं." पोरं शेतातलीच, त्यांना लगेच कळलं. सातवीची पोरं पाचवीच्या पोरांत जाऊन बसली. कुणी अडलं की दोघं-तिघं त्याच्यावर तुटून पडायची. मी मधे बसून सुनेनं सांगितलेलं वाक्य म्हणायची आणि गप्प राहायची. बोलायची गरजच नव्हती. गलका एवढा की यांनी जिनिंगवरून आल्यावर विचारलं, "बाजार भरलाय का घरात?" मला तो गलका फार आवडायचा. मी चूल सोडून ओसरीत बसले होते, आणि पडदा बाजूला केलेला होता.

त्यात एक पोरगी होती, सहावीतली. गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टरवाल्यांचं मोठं घर आहे, त्या घरची. तिची आणि तिच्या दोन चुलत भावंडांची फी एकदम यायची. जीभ एवढी चुरचुरीत की तिनं शब्द उचलला आणि दुसऱ्या क्षणी वापरला.

एका सकाळी सुनेनं पाठवलं: "मामी, आज तीन घ्या. एन्जॉय युवरसेल्फ, म्हणजे मजा करा. बिहेव युवरसेल्फ, म्हणजे नीट वागा. हेल्प युवरसेल्फ, हे तिकडं जेवायला आलेल्या पाहुण्याला म्हणतात, म्हणजे तुम्हाला हवं ते तुमचं तुम्ही घ्या." पुढं काहीतरी होतं पण आवाज तुटला.

मला नवल वाटलं. पाहुण्याला म्हणायचं, तुझं तू घे? पण म्हटलं, असेल तिकडची तऱ्हा. संध्याकाळी पोरांना तिन्ही सांगितले, आणि वरून स्वतःच्या डोक्यानं अभ्यास दिला, "घरी जाऊन कुनाला तरी म्हना." आजवर मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्या दिवशी अभ्यास दिला, आणि तिथंच चुकले.

दुसऱ्या दिवशी पोरं सांगायला लागली. एकानं आजोबांना बिहेव युवरसेल्फ म्हटलं होतं. आजोबांना तो आशीर्वाद वाटला, त्यांनी खिशातून खडीसाखर काढून दिली. एकीनं शाळेला निघालेल्या बहिणीला एन्जॉय युवरसेल्फ म्हटलं. आम्ही हसत होतो. ट्रॅक्टरवाल्यांची पोरगी आणि तिची भावंडं मात्र आली नव्हती.

तेवढ्यात तिचे वडील आले. आत आले नाहीत, ओसरीच्या पायरीशी उभे राहिले.

"काय शिकविता तुमी हितं?"

मी उठून उभी राहिले.

"काल जावई आले व्हते, पाथरीचे. पुरणाचा सैपाक केलता. पोरगी वाढायला व्हती. ह्या बयेनं पोळ्याची परात दाजीपुढं ठिवली, म्हनली हेल्प युवरसेल्फ, आन गेली निघून अभ्यासाला. जावयानं इचारलं, हे काय? तर आतून वरडून सांगती, तुमचं तुमी घ्या. जावयानं ताटात हात धुतला आन उठला. पोळ्या तशाच राहिल्या परातीत."

आमच्याकडं जावयाला वाढताना तीनदा नाही म्हणू द्यायचं आणि चौथ्यांदा ताटात टाकायचं. हातानं घे म्हणणं म्हणजे उठ म्हणणंच.

"माजी पोरं आता येनार न्हाईत," ते म्हणाले आणि गेले.

मोठं घर हललं की गल्ली हलते. आठवड्याभरात निम्मी पोरं मानवतच्या एसटीत बसायला लागली. त्या महिन्याचा हप्ता भरताना पैसे कमी पडले. मी हरभऱ्याच्या खुरपणीला रोजानं गेले आणि कसाबसा पुरा केला. पुढचा महिना असा गेला तर थकबाकी माझ्या नावावर पडणार होती.

घरी बसून किती दिवस चालणार? एका सकाळी डोक्यावर पदर घेतला आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या घरी गेले. बोलावणं नसताना, एकटी, कुणाच्या घरी मी आजवर गेले नव्हते. अंगणात ते ट्रॅक्टरचं चाक बघत होते. घरधनीण बाहेर आली, मला बघून चहा ठेवायला आत वळली.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "चूक माजी हाय. लेकरानं अभ्यास केला. अभ्यास मीच दिलता."

"बरं मग?"

"जावयांची समजूत मी काढती. संक्रांतीला येनार हायेत म्हनं. परत जाताना आमच्याकडं जेवायला धाडा."

ते हसले. "आन तुमी बोलनार त्यांच्याशी? तुमी दुकानात साखरसुदा खुणंनं मागता."

"मी न्हाई बोलनार. लेकरं वाढतील. तुमची पोरगीबी पायजे."

घरधनीण चहा घेऊन आली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "जावई काय एकल्या आपल्या घरचा असतो व्हय? गावचा असतो. जाऊ द्या." त्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. मी चहा उभ्यानंच प्याले, जीभ भाजली, आणि घरी जवळजवळ पळत आले.

त्यानंतरचे दिवस किती मजेत गेले ते मला नीट लिहिता येत नाही. जी पोरं राहिली होती त्यांना मी रोज उभं करायची, एकाला पाटावर पाहुणा म्हणून बसवायची आणि बाकीच्यांनी आग्रह करायचा. इंग्रजीत. सुनेनं फोनवर वाक्यं सांगितली. सगळं ऐकून ती आधी हसली आणि मग म्हणाली, "मामी, चूक माझी. आपल्याकडं हे चालत नाही, तेच तर मी पुढं सांगत होते."

"तुजी न्हाई. पुढचं सांग."

ट्रॅक्टरवाल्यांची पोरगी पहिल्या दिवशी तोंड फुगवून आली, दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांना शिकवायला लागली.

संक्रांत झाली आणि दाजी आले. पाथरीला त्यांचं मोबाईलचं दुकान आहे, कडक इस्त्रीचा शर्ट, ओठ मिटलेले. आमचे हे जिनिंगवर खाडा करून त्यांच्याबरोबर जेवायला बसले. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, कुरडया, भजी, तूप. चुलीपाशी बसून मी बघत होते.

दाजींनी ताटाला हात लावला नाही. पोरगी पुढं झाली. पोळी हातात धरून म्हणाली, "दाजी, प्लीज टेक वन."

दाजी म्हणाले, "आज हातानं घ्यायचं न्हाई का?"

"न्हाई. आज आमी हाव." आणि पोळी ताटात टाकली. मागून दुसरा पोरगा तूप घेऊन आला, "प्लीज टेक सम घी." मग तिसरा, "वन मोअर, दाजी." दाजी म्हणाले, पुरे. "वन मोअर." हात आडवा धरला, तर पोळी हाताच्या बाजूनं सरकवली. पाचवीतला एकजण नुसती भजी घेऊन फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला दोन टाकत होता. यांच्याही ताटात तसंच चाललं होतं. हे म्हणाले, "अरे, मी ह्याच घरचा हाय." पोरानं ऐकलं नाही, "प्लीज टेक," आणि टाकली.

दाजींचे ओठ आधी हलले, मग पूर्ण उघडले. शेवटी त्यांनी ताटावर ओणवं होऊन दोन्ही हात धरले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, एक सांगू का? ते पयलं इंग्रजीच बरं व्हतं."

पोरं लोळून हसली. आमचे हे एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि मला उठून पाणी द्यावं लागलं. दाजींनी विडा घेतला, पोरीच्या डोक्यावर टपली मारली आणि जाताना पायरीवरून म्हणाले, "माजीबी पोरं मोठी झाली की हितंच धाडतो." ते ऐकायला गल्लीतल्या चार बायका दारात आधीच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घरची तिन्ही पोरं चटई धरून बसली होती. आठवडा संपेपर्यंत मानवतच्या एसटीतली बाकीचीही आली, आणि दोन नवी. निम्म्या फीत ओसरी भरली. मी रोज म्हणायची, आज एक पात, आणि पोरं धरायची. परीक्षा झाल्या, कुणी नापास झालं नाही.

सून बाळाला घेऊन आली तेव्हा मी बाळ घेतलं आणि तिनं खडू घेतला. पोरांनी तिला सांगितलं की आम्ही मागं फिरतो. तिला आधी कळलं नाही, मग एक संध्याकाळ बघत बसली आणि म्हणाली, "मामी, हे असंच चालू द्या." आता ती शिकवते आणि शेवटची पात मी घेते, बाळ मांडीवर घेऊन. पोरांपुढं माझा आवाज निघतो. मोठ्या माणसांपुढं अजून नाही.

हप्ते जात राहिले. फी पूर्ववत झाली, एकही महिना चुकला नाही. काल जेवताना हे म्हणाले, "शेवटचा हप्ता ऱ्हायलाय ना? मी भरतो. कापसाचे आलेत."

"नगं," मी म्हटलं.

"आगं, घरचेच पैसे की."

"नगं म्हनलं ना. मी बोललीय गटात."

हे सुनेला म्हणाले, "पोरी, तुज्या सासूला वाढ की अजून एक." आणि स्वतः ताक ओतून घेतलं.

आज सकाळी बैठक होती. माझी पाळी आली तेव्हा मी पैसे सतरंजीवर ठेवले. कारभार बघणाऱ्या बाईनं मोजले, लिहिले, वही माझ्याकडं फिरवली. मी सही केली, आज जरा सरळ आली. जी बाई पहिल्या दिवशी फेडणार कोण म्हणाली होती, तिनंच हात पुढं करून मला बाजूला बसवून घेतलं. म्हणाली, "माज्या नातवाला धाडू का गं उद्यापासून?" मी मान हलवली, हसू आवरत नव्हतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला, आकडा पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, "झालं. हिच्याकडं आता काही राहिलं न्हाई. सगळं फिटलं."